प्रकाशवैद्य डॉ. नील्स फिन्सेन

वैशाख लागला कीं आम्हां नागपूरकरांस सूर्य हा वैरी वाटूं लागतो. नवतपांत सीताबर्डीचे गजबजलेले रस्तेही दुपारीं ओस पडतात, घरोघरीं कूलरमधील ओला वाळा दरवळूं लागतो आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यावांचून कोणी उंबरठा ओलांडीत नाहीं. अशा शहरांत वाढणाऱ्या आमच्या बालवाचकांस, उन्हाच्या एका तिरिपेसाठीं तळमळणारा मनुष्य कसा असेल याची कल्पना येणें कठीण आहे. परंतु असा एक मनुष्य होऊन गेला. त्यास ऊन दुर्मिळ होतें, आणि आरोग्य तर त्याहूनही दुर्मिळ. तरीही त्यानें उन्हाचाच ध्यास घेतला, प्रकाशाचें औषध केलें, आणि ज्यांचीं तोंडें पाहण्यास जग तयार नव्हतें अशा शेंकडों लोकांस पुन्हा चारचौघांत वावरण्याचें धैर्य दिलें. त्या डॉक्टर नील्स फिन्सेन यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तर अटलांटिक महासागरांत, स्कॉटलंड व आइसलंड यांच्या दरम्यान, फेरो नांवाचा लहानशा बेटांचा समूह आहे. तेथें झाडें अगदीं थोडीं. वारा, धुकें आणि पाऊस मात्र भरपूर. हिवाळ्यांत दिवस जेमतेम पांच तासांचा असतो. हीं बेटें डेन्मार्कच्या राज्यांत मोडतात. त्यांच्या राजधानींत, तोर्सहाव्न या गांवीं, ता. १५ डिसेंबर १८६० रोजीं नील्स रायबर्ग फिन्सेन याचा जन्म झाला. घराणें मूळचें आइसलंडचें. वडील हान्नेस फिन्सेन हे सरकारी अधिकारी होते व पुढें ते त्या बेटांचे मुख्य कारभारी झाले. नील्स अवघा चार वर्षांचा असतां त्याची आई वारली.

प्रारंभींचें शिक्षण गांवींच झाल्यावर १८७४ सालीं त्यास डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोल्म येथील शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथें त्याचें मुळींच जमलें नाहीं. मुलगा मनानें चांगला आहे, पण बुद्धि बेताची आणि उत्साह त्याहूनही बेताचा, असा मुख्याध्यापकांचा अभिप्राय पडला. शेवटीं १८७६ मध्यें त्यास तेथून काढून आइसलंडांत, रेक्जाविक येथील ज्या शाळेंत वडील स्वतः शिकले होते तींत घालण्यांत आलें. तेथील भाषाही त्यास जड गेली. अडखळत, रखडत १८८२ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता. आमच्या ज्या मित्रांस वार्षिक परीक्षेचा निकाल घरीं दाखवितांना घाम फुटतो त्यांनीं, आणि तो पाहून ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात त्या पालकांनींही, हा आंकडा ध्यानांत ठेवावा. मात्र अभ्यास न केला तरी चालतो असा सोयीचा अर्थ यांतून कोणीं काढूं नये. हा अकरावा मुलगा पुढें किती कष्टला तें आतां सांगावयाचेंच आहे.

त्याच वर्षीं नील्स कोपनहेगन विद्यापीठांत वैद्यक शिकण्यास गेला. दुसऱ्याच वर्षीं, ऐन तारुण्यांत, एका दुर्धर रोगानें त्यास गांठलें. या रोगांत यकृत, हृदय व प्लीहा यांवरील आवरणें जाड होत जातात आणि पोटांत पाणी सांचतें. हा रोग त्यास पुढें कधींच सोडून गेला नाहीं. अंगांत रक्त कमी, सदाचा थकवा, आणि राहण्याचें घर उत्तरेकडे तोंड असलेलें. आपणांस अधिक ऊन मिळालें तर बरें वाटेल असें त्यास राहून राहून वाटे, म्हणून तो मुद्दाम उन्हांत जाऊन बसूं लागला. त्याच्याविषयीं अशी एक गोष्ट सांगतात कीं, एकदां समोरच्या छपरावर ऊन खात बसलेली एक मांजर त्यानें पाहिली. सावली सरकत आली कीं ती उठे व पुन्हा उन्हांत जाऊन बसे. आपल्याकडे पौषाच्या थंडींत गच्चीवर हें दृश्य कोणीं पाहिलें नाहीं? पण फिन्सेनच्या मनांत त्यावरून प्रश्न उभा राहिला. केवळ ऊब हवी असेल तर ती शेगडीजवळही मिळते. मग उन्हाच्या प्रकाशांतच कांहीं गुण असला पाहिजे. तो कोणता, आणि त्याचें प्रमाण किती असावें?

१८९० सालीं फिन्सेन डॉक्टर झाले व विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस शवविच्छेदन शिकवूं लागले. १८९२ च्या डिसेंबरांत इंगेबोर्ग बालस्लेव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. लगेच दुसऱ्या वर्षीं त्यांनीं ती नोकरी सोडली व प्रकाशाच्या अभ्यासास वाहून घेतलें. शरीर आजारी, संसार नवा, आणि हातची नोकरी सोडलेली. व्यवहारचतुर मनुष्यानें असें केलें नसतें. परंतु आपणांस आयुष्य थोडें आहे हें फिन्सेन जाणून होते, आणि थोडें आयुष्य असलेल्या मनुष्यास कामाची निवड फार दिवस लांबणीवर टाकतां येत नाहीं.

शुभ्र दिसणारा सूर्यप्रकाश लोलकांतून गेला कीं त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग होतात हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतात. जांभळ्याच्याही पलीकडे डोळ्यांस न दिसणारे किरण असतात. १८०१ सालीं रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें ते शोधून काढिले. त्यांस आज आपण अतिनील किरण म्हणतों. १८७७ सालीं डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनीं प्रकाशानें सूक्ष्म जंतूंची वाढ खुंटते असें दाखविलें होतें. फिन्सेन यांनीं हे निरनिराळे धागे हातीं घेतले आणि पहिला प्रयोग स्वतःच्याच शरीरावर केला. त्यांनीं आपल्या हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढला व तो हात सुमारें तीन तास कडक उन्हांत धरिला. शाई धुऊन पाहतां पट्ट्याखालची त्वचा होती तशीच गोरी राहिली होती. भोंवतालची मात्र पुढें लाल होऊन सुजली व कांहीं दिवसांनीं सांवळी पडली. मग तोच हात त्यांनीं शाईवांचून पुन्हा उन्हांत धरिला. या वेळीं पूर्वीं झांकलेला पट्टा तेवढा भाजला आणि सांवळी झालेली त्वचा निभावून गेली. त्वचेचा सांवळा रंग हें निसर्गानें दिलेलें छत्र आहे, ही गोष्ट एका शाईच्या रेघेनें सिद्ध झाली. आपल्या वर्णाबद्दल ज्यांस कोणी हिणवितें अशा मुलामुलींनीं ही गोष्ट विसरूं नये.

१८९३ सालीं त्यांनीं प्रकाशाच्या त्वचेवरील परिणामांसंबंधीं निबंध प्रसिद्ध केला. देवीच्या रोग्यांस लाल पडद्यांच्या खोलींत ठेवावें, म्हणजे दाहक किरण अडून व्रण कमी राहतील, अशीही सूचना त्यांनीं त्याच वर्षीं केली. ती पुढें कसोटीस उतरली नाहीं. परंतु प्रकाश अडविण्याकडून प्रकाश वापरण्याकडे त्यांचें मन वळलें, आणि येथून त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला.

त्या काळीं युरोपांत लुपस नांवाचा त्वचेचा क्षय फार होता. ज्या जंतूनें फुप्फुसाचा क्षय होतो तोच जंतु त्वचेंत घर करी. रोग बहुधा चेहऱ्यावर होई. नाक, गाल, ओंठ हळूहळू झडत जात. रोगी मरत नसे, पण त्याचें जिणें मरणाहून वाईट होई. लोक त्याजकडे पाहून तोंड फिरवीत, त्यास काम मिळत नसे, आणि घरच्याच मंडळींस तो लपवून ठेवावा असें वाटे. १८९५ च्या नोव्हेंबरांत असा एक रोगी फिन्सेन यांच्याकडे आला. तो कोपनहेगनच्या वीज कारखान्यांतील अभियंता होता व अनेक उपाय करून थकला होता. त्याच कारखान्यांत विजेच्या प्रखर दिव्याखालीं फिन्सेन यांनीं त्याच्या चेहऱ्यावर उपचार सुरू केले. रोज थोडा थोडा भाग घेऊन कांहीं महिने हें काम चाललें, आणि रोग हटला.

१८९६ सालीं देणगीदारांच्या साहाय्यानें कोपनहेगन येथें फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था उघडली. तेथील दिवा पाहण्यासारखा असे. कर्बाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची झगझगीत ज्योत पेटे. तिच्याभोंवतीं दुर्बिणीसारख्या नळ्या बसविलेल्या असत व एका वेळीं चार रोगी चार बाजूंस निजत. साधी कांच अतिनील किरणांस अडविते, म्हणून भिंगें गारेच्या स्फटिकाचीं केलेलीं असत. उष्णतेनें त्वचा भाजूं नये यासाठीं किरण पाण्यांतून नेले जात. प्रत्येक रोग्याजवळ एक परिचारिका बसे व थंड पाणी खेळविलेलें स्फटिकाचें भिंग रोगट जागेवर दाबून धरी; कारण तेथील रक्त बाजूस सारलें नाहीं तर किरण रक्तांतच मुरतात, खोल जात नाहींत. एका बैठकीस तासाहून अधिक वेळ लागे, एवढ्या वेळांत लहानशीच जागा होई, आणि असें महिनोन्महिने चाले. फिन्सेन यांच्या कीर्तींत त्या परिचारिकांच्या अवघडलेल्या हातांचाही वाटा आहे असें आम्हांस वाटतें. पहिल्या पांच-सहा वर्षांत आठशेंच्या आसपास लुपसचे रोगी तेथें आले, व त्यांपैकीं बहुतेक बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. १९०० सालीं डेन्मार्कची राजकन्या व इंग्लंडची युवराज्ञी अलेक्झांड्रा हिच्या पुढाकारानें लंडन येथील इस्पितळांतही हा दिवा लागला.

इतरांचे चेहरे उजळीत असतां फिन्सेन यांचें स्वतःचें शरीर मात्र खचत चाललें होतें. पोटांतील पाणी पुनः पुन्हा काढावें लागे. शेवटच्या वर्षांत ते चाकांच्या खुर्चीस खिळले. तरीही त्यांनीं आपल्या रोगासही अभ्यासाचा विषय केलें. आपण काय खातों, किती पितों याची ते काळजीपूर्वक नोंद ठेवीत. शरीरांत मीठ सांचल्यानें पाणी सांचतें असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि १९०४ सालीं त्यांनीं त्यावर लिहिलेला निबंध हाच त्यांचा अखेरचा ठरला. १९०३ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें, पण तें घेण्यास स्टॉकहोमपर्यंत जाण्याचीही शक्ति उरली नव्हती. त्या रकमेंतील मोठा वाटा त्यांनीं रोग्यांसाठीं चाललेल्या संस्थांस दिला. ता. २४ सप्टेंबर १९०४ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षांत, कोपनहेगन येथें त्यांचें देहावसान झालें.

येथें चरित्र संपलें, पण कार्य संपलें नाहीं. क्षयावर परिणामकारक औषधें निघाल्यावर लुपसचे दिवे मालवले. २००५ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं फिन्सेन यांचीं जुनीं उपकरणें पुन्हा तपासलीं, तेव्हां एक नवल आढळलें. ज्या आंखूड लहरींच्या अतिनील किरणांवर फिन्सेन यांचा भरंवसा होता, ते त्या यंत्रणेंतून बाहेर पडतच नव्हते. अतिनील पट्ट्याच्या कडेचे व त्यापुढील जांभळे-निळे किरण मात्र येत होते. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नांवाचीं द्रव्यें असतात; त्यांवर तो प्रकाश पडला कीं प्राणवायूचें एक अतितीव्र रूप उत्पन्न होतें व त्यानें जंतूंचा नाश होत असावा, असा निष्कर्ष त्यांनीं काढिला. म्हणजे उपाय खरा, पण त्याचें कारण अपुरें कळलेलें. शास्त्रांत असें घडतें. यामुळें फिन्सेन यांची योग्यता उणी होत नाहीं. प्रकाश निवडावा, मोजावा, ठराविक जागीं ठराविक वेळ द्यावा आणि परिणाम लिहून ठेवावा, ही शिस्त त्यांनीं घालून दिली. त्यांच्या मागून आलेल्यांनीं तिच्याच आधारानें दुसऱ्या एका रोगाशीं झुंज घेतली, आणि तो रोग आपल्या अगदीं जवळचा आहे.

त्याचें नांव सोरायसिस. यांत कोपर, गुडघे, पाठ, डोकें अशा जागीं लाल चट्टे उठतात व त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. निरोगी त्वचेच्या तळाशीं जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडण्यास सुमारें महिना लागतो. सोरायसिसमध्यें हा प्रवास कांहीं दिवसांतच उरकतो. कारण असें कीं, शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं टी-पेशी नांवाचे शिपाई शत्रु नसतांनाही त्वचेंत शिरतात आणि रासायनिक निरोप पाठवून एकच गोंधळ उडवितात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा लाल होते, सुजते. यासच वैद्यकांत दाह म्हणतात. अतिनील किरणांचें कार्य येथें दुहेरी आहे. एक तर ते त्वचेच्या पेशींची बेसुमार वाढ आवरतात. दुसरें, त्वचेंत घुसलेल्या टी-पेशींपैकीं पुष्कळांचा ते अंत करितात, उरलेल्यांचे दाहाचे निरोप मंदावतात आणि दाह शमविणाऱ्या पेशींस बळ देतात. ज्या किरणांनीं निरोगी त्वचा भाजते, त्याच किरणांच्या मोजक्या मात्रेनें रोगट त्वचेचा दाह निवतो.

१९२५ सालीं अमेरिकेंतील गोकरमन या वैद्यानें डांबराचा लेप व अतिनील प्रकाश यांची जोड सोरायसिसवर दिली. १९७४ सालीं सोरालेन नांवाचें औषध देऊन त्यावर लांब लहरींचे अतिनील किरण सोडण्याची पद्धति प्रसिद्ध झाली. या सोरालेनचें नांव वाचकांस परकें वाटेल, पण वस्तु घरचीच आहे. आपल्या वैद्यांची जी बावची, तिच्या बियांत हें द्रव्य असतें. १९३३ सालीं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं तें तींतून वेगळें काढिलें. अंगावरील पांढऱ्या डागांसाठीं बावची लावून उन्हांत बसावें हा उपाय आयुर्वेदांत फार जुना आहे. वनस्पति व सूर्य यांची सांगड आपल्या पूर्वजांनीं घातली होती. मात्रा मोजण्याचें साधन मात्र त्यांच्यापाशीं नव्हतें. पुढें सुमारें ३११ नॅनोमीटर लहरींचेच तेवढे किरण देणारे दिवे निघाले, आणि आज त्वचारोगतज्ज्ञ बहुधा तेच वापरतात. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून रोगी त्या दिव्यांपुढें उभा राहतो. आरंभीं मात्रा अगदीं अल्प ठेवून ती क्रमाक्रमानें वाढवितात. रोग समूळ जातोच असें नाहीं, पण अनेकांची त्वचा महिनोन्महिने स्वच्छ राहते.

येथें पालकांस एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. एवढें ऊन नागपुरास फुकट मिळतें, मग दवाखान्याची पायरी कां चढावी, असा विचार कोणाच्या मनांत येईल. परंतु आमच्या मे महिन्याच्या उन्हास ना माप ना चाळणी. त्यानें त्वचा भाजली तर सोरायसिस उलट बळावूं शकतो. अतिरेक झाला तर त्वचेच्या कर्करोगाचें भयही वाढतें. बावची लावून मनास येईल तसें उन्हांत बसल्यास अंगावर फोड उठतात. औषध आणि विष यांत पुष्कळदां मात्रेचाच भेद असतो. ती ठरविणें वैद्याचें काम.

आणि विद्यार्थ्यांस एकच सांगणें. सोरायसिस स्पर्शानें पसरत नाहीं. जवळ बसल्यानें, डबा वाटून खाल्ल्यानें, हातांत हात घेऊन खेळल्यानें तो कोणास होत नाहीं. तरीही कोपरावर चट्टे असलेल्या मुलाच्या बाकावर जागा रिकामी राहते, आणि तो मुलगा ऐन उन्हाळ्यांतही लांब बाह्यांचा सदरा घालून येतो. लुपसच्या रोग्यांस जें दुःख कोपनहेगनच्या रस्त्यांत भोगावें लागलें तेंच हें. दिव्यानें त्वचा बरी होते. पण आपणच वाळींत टाकलेल्या मुलाचें मन कोणत्या दिव्यानें बरें व्हावें? येशूनें कुष्ठरोग्यास बरें करतांना आधीं हात पुढें करून त्यास स्पर्श केला, ही कथा आमच्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकिली आहे. फिन्सेन यांच्या परिचारिकांनींही, ज्या चेहऱ्यांकडे जग पाहत नसे त्यांवर तासन्‌तास हात ठेविले. उद्यां वर्गांत शिरतांच तसा एखादा रिकामा बाक आमच्या वाचकांस दिसला, तर त्यांनीं दप्तर उचलून तेथें जाऊन बसावें.